इटलीला नेमकं कधी जायचं?

इथे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात, बाहेर उणे वीस झालं की आमच्या शनिवारच्या पॉटलकला, म्हणजे आपापले पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, इटलीचा विषय निघतोच. तीन घरं, एक पोह्यांचं पातेलं आणि "इटलीला कधी जायचं?" हा प्रश्न. सहा वर्षं हेच चाललंय. ड्राइव्हवेच्या कडेला बर्फ साठावा तसे त्यावरचे किस्सेही साठलेत. बर्फ निदान एप्रिलमध्ये वितळतो.

*

नितीनने एक्सेल शीट केली. नितीन पुण्याचा, त्यामुळे 'का नाही' असा खास कॉलम होता. मेमध्ये मुलांची ग्रॅज्युएशन. जून-जुलैत गर्दी. ऑगस्टमध्ये उकाडा. सप्टेंबरात गणपती. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळी आणि वर पाऊस. डिसेंबर ते मार्च थंडी, आणि थंडीच बघायची तर तिकीट कशाला काढायचं? उरला एप्रिल, तर तेव्हा नितीनचं प्रोजेक्ट लाइव्ह जाणार होतं.

बारा महिने लाल करून त्याने शीट सगळ्यांना शेअर केली आणि खाली लिहिलं, "प्लीज कन्फर्म."

*

शेवटी नितीनचंच कुटुंब ऑगस्टमध्ये गेलं, कारण त्याला सुट्टी तेव्हाच मिळाली. रोमच्या घरमालकिणीने ईमेल पाठवला, 'सध्या पस्तीस डिग्री आहे, त्या बेताने कपडे आणा.' वीस वर्षं फॅरनहाइटमध्ये काढलेल्या नितीनला पस्तीस म्हणजे गोठवणारी थंडी; शीटमधला उकाडा विसरून त्याने चौघांची जाड जॅकेट्स आणि हातमोजे भरले.

मालकिणीने दार उघडलं, जॅकेट्सच्या ढिगाकडे पाहिलं आणि आधी पाण्याच्या बाटल्या आणल्या.

*

नितीनची बायको वैशाली नागपूरची. "मला ऊन शिकवू नका," असं बजावून ती भर दुपारी बारा वाजता रोम बघायला निघाली. सव्वाबाराला एका गार चर्चमध्ये जाऊन बसली, ती पाचला उठली.

परत आल्यावर मी विचारलं, "रोममध्ये काय पाहिलंस?"

"सावली. काय सुंदर आहे, यार!"

*

माझी मुलगी मीरा कॉलेजच्या एका सेमिस्टरसाठी इटलीत होती. नोव्हेंबरमध्ये तिने व्हेनिसहून व्हिडिओ कॉल केला, रस्त्यावर चढलेल्या भरतीच्या गुडघाभर पाण्यात उभी राहून. मी ओरडायच्या बेतात होते.

"आई, रिलॅक्स. इट्स द बेस्ट डे एव्हर!"

सुट्टीत घरी आल्यावर तिने ते फोटो टीव्हीवर लावले. आमच्यात वयाने सगळ्यात मोठे म्हणजे श्रीकांतकाका आणि काकू. काकू टीव्हीपासून वीतभर अंतरावर उभ्या राहिल्या आणि मान तिरकी करून बघू लागल्या. त्यांना मधलं दिसेनासं झालंय. कडेकडेचं तेवढं दिसतं, आणि तेही हळूहळू कमी होतंय. मीराने फोटो पुढे सरकवायचं थांबवलं. पहिल्याच फोटोवर पाच मिनिटं गेली, आणि कोणीही घाई केली नाही.

*

काका दर वर्षी काकूंना एकच सांगत आलेले, "एप्रिलमध्ये उजेड सगळ्यात छान असतो, तेव्हा नेतो तुला." त्या संध्याकाळीही त्यांनी तेच सांगितलं.

काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, माझे डोळे एप्रिलपर्यंत थांबतात का, ते विचारा आधी."

काकांनी तिथेच सोफ्यावर बसून जानेवारीची तिकिटं बुक केली. नितीनने सवयीने शीट उघडली. "काका, जानेवारी रेड आहे."

"असू दे."

चहा टाकायच्या निमित्ताने मी आत गेले.

*

हा शेवटचा किस्सा परत आल्यावर काकांनी सांगितला. काकू शेजारी बसून पोहे खात होत्या.

ते व्हेनिसला पोचले त्या दिवशी दाट धुकं होतं. बोटीतून काठावरच्या इमारती दिसेनात. घंटा ऐकू येत होती, पण मनोऱ्याचा पत्ता नाही. एवढे पैसे घालून आलो आणि काहीच दिसत नाही, म्हणून बोटीतली सगळी माणसं कुरकुरत होती. काकांना तर रडूच यायचं बाकी होतं. सहा वर्षं हिला थांबवलं आणि आणून आणून धुक्यात आणलं.

"माझं चुकलं गं," ते म्हणाले. "तुला काहीच दाखवता आलं नाही."

काकूंनी चाचपत त्यांचा हात शोधला आणि धरून ठेवला.

"छे हो. किती दिवसांनी आज आपल्या दोघांना सारखंच दिसतंय."