हडपसरच्या बाजारातले जळालेले ओटे

ती आग मला आजही आठवते, आणि आठवली की डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं विसरून माझं डोकं तापतं. परवा तर निमित्तच मिळालं. ज्या शॉपिंग सेंटरच्या मागे ती आग लागली होती, त्याचा वर्धापनदिन होता, आणि सून मला आग्रहाने तिथे घेऊन गेली. दर्शनी भिंतीवर त्यांनी आपला इतिहास लावला आहे, गुळगुळीत रंगीत फोटोंसकट. पहिलंच वाक्य असं, की इथे पूर्वी ओसाड माळ होता. मी ते दोनदा वाचलं आणि कॉफी न पिताच घरी परत आलो.

त्या माळावर आठवडी बाजार भरत असे. हडपसरच्या पुढची गावं तिथे भाजी, कांदे, मडकी घेऊन बसायची. मग आयटी कंपन्या आल्या, ज्वारीच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि एका विकसकाने तो माळ घेतला. मधे फरसबंद चौक, त्यात कारंजं, भोवती दुकानांच्या रांगा आणि वर मोकळं आकाश, अशी ती योजना होती. गाव जागा सोडेना, म्हणून त्याने मागच्या अंगाला पत्र्याची शेड टाकून भाजीवाल्यांना ओटे बांधून दिले. मी तेव्हा तिथल्याच पोलीस ठाण्यात होतो आणि उद्घाटनाच्या बंदोबस्तालाही होतो. पाहुण्यांनी त्याच ओट्यांवरून कोथिंबिरीच्या जुड्या उचलून फोटो काढून घेतले होते.

पुढे चौकात महागडी दुकानं आली आणि त्याच ओट्यांचा लोकांना वास येऊ लागला. आसपासच्या सोसायट्यांतली शिकलेली मंडळी टाइप केलेले अर्ज घेऊन ठाण्यात यायची. यांना ताजी मेथी हवी असायची, फक्त ती विकणारी बाई दिसायला नको होती.

अशात दसरा झाला आणि थोड्याच दिवसांत एका रात्री ओटे जळाले. सुदैवाने तिथे कोणी झोपलेलं नव्हतं. सकाळी मी ठाण्यात पोचलो, तर सेंटरचे व्यवस्थापक माझ्या आधी येऊन बसलेले. खबर द्यायला आलो आहे, म्हणाले. कोपऱ्यातल्या ओट्यावरची म्हातारी रोज संध्याकाळी देवाच्या तसबिरीपुढे दिवा लावते आणि तसाच ठेवून जाते. आग त्या दिव्याने लागली. साक्षीदारही त्यांनी बरोबरच आणला होता. तो म्हातारीच्या शेजारच्या ओट्यावरचा कांदे-बटाटेवाला. दिवा जळताना पाहिला, असं त्याने खाली मान घालून सांगितलं. इतकी तयार खबर कोणी पोलिसांच्या हातात आणून दिली, की ती उलटून पाहायची सवय मला नोकरीने लावली होती.

म्हातारीला बोलावलं. पालेभाज्या विकणारी विधवा बाई. त्या ओट्यावर तिने दोन मुली उजवल्या होत्या, आणि शेजारच्या कांदे-बटाटेवाल्यालाही ती पोराप्रमाणे वागवायची, असं बाजारात सगळे सांगायचे. ती आली ती रडवेली होऊनच. सगळा बाजार तिच्याकडे बोट दाखवत होता आणि तिचंही मन तेच घेऊन बसलं होतं.

"दिवा मी इझवला व्हता असं वाटतंय, साहेब," ती म्हणाली. "पर म्हातारं माणूस हाय मी. ऱ्हायला असंल. माझ्यापायी समद्यांचं जळालं. कुठं आंगठा लावायचा ते सांगा."

तिने अंगठा दिला असता तर प्रकरण त्याच दिवशी मिटलं असतं. निष्काळजीपणाचा गुन्हा तिच्या नावावर, धोका म्हणून ओटे कायमचे बंद, आणि सगळ्यांचे शिव्याशाप तिला. व्यवस्थापकांना नेमकं हेच हवं होतं. मी तिला घरी पाठवलं आणि पंच घेऊन जागेवर गेलो.

इथे या लोकांची एक रीत सांगायला हवी. दसऱ्याला ते तराजूची पूजा करतात, दांडीला झेंडूची माळ बांधतात. संध्याकाळी उरलेली भाजी घरी जाते, गल्ला घरी जातो. तराजू मात्र ओट्यावरच फडक्यात झाकून राहतो. धंद्याची लक्ष्मी धंद्याची जागा सोडत नाही, अशी त्यांची श्रद्धा. त्यामुळे पंचनामा करताना प्रत्येक ओट्याच्या राखेत काळी पडलेली पारडी मिळत गेली. म्हातारीचीही मिळाली. शेजारच्या कांदे-बटाटेवाल्याच्या ओट्यावर मात्र जळके बटाटे होते, वजनं होती, तराजू नव्हता.

पंचनाम्यात मी तेवढं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत रस्त्यावर फेरी मारली. बाकीचे उसना काटा मागत फिरत होते, आणि हा पठ्ठ्या फुटपाथवर आपल्याच तराजूने कांदे मोजत होता. दांडीला दसऱ्याची सुकलेली माळ तशीच.

त्याला तराजूसकट ठाण्यात आणलं. दांडी वाकली म्हणून दुरुस्तीला घरी नेला होता, म्हणाला. दांडी चांगली सरळ होती. मी आवाज चढवला नाही. तराजू त्याच्या पायांशी जमिनीवर ठेवला आणि हवालदारांना चहा सांगून समोरचे कागद चाळत बसलो. येता-जाता हवालदारांचा बूट पारड्याला घासून गेला. त्याबरोबर याने वाकून तराजू उचलला, बाकावर ठेवला आणि नकळत हात जोडले.

"तराजूला पाय लागलेला तुला चालत नाही," मी म्हणालो, "आणि जी तुला पोराप्रमाणे वागवते, तिचा ओटा पेटवलेला चालतो?"

तो ढसाढसा रडला. चौकातला गाळा देण्याचं आमिष व्यवस्थापकांनी त्याला दाखवलं होतं. रॉकेल ओतायला हात धजला. तराजू जाळायला धजेना, म्हणून तो त्याने आदल्या संध्याकाळीच पिशवीत घालून घरी नेला. त्याने दाखवलेल्या गोठ्यातून रॉकेलचा डबा पंचांसमक्ष जप्त केला. म्हातारी सुटली.

मी व्यवस्थापकांना चौकशीला बोलावलं आणि वरिष्ठांचा फोन आला. "आरोपी मिळालाय ना? मग उगाच आणखी काय उकरत बसता?" चार दिवसांत कांदे-बटाटेवाल्याला कोणीतरी वकील करून दिला आणि त्याने व्यवस्थापकांचं नाव मागे घेतलं. दोषारोपपत्र त्याच्या एकट्यावर गेलं. तो तुरुंगात गेला. उरलेले पत्रे सुरक्षिततेच्या नावाखाली उचलले गेले आणि ओट्यांच्या जागी पार्किंग झालं. ज्यांनी हे घडवलं, त्यांनी पुढच्या दिवाळीला ठाण्यात मिठाईचे डबे पाठवले. मी ते परत पाठवले. तेवढंच माझ्या अधिकारात होतं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं कोणी विचारलं, तर मी त्या म्हातारीचे शब्द सांगतो. निर्दोष ठरलीस हे सांगायला मी स्वतः तिच्याकडे गेलो होतो. ती सेंटरच्या गेटबाहेर पोतं अंथरून भाजी विकत बसली होती. मला वाटलं, ती शेजाऱ्याला शिव्या देईल.

"त्यो निदान तराजू तरी घरी घेऊन गेला," ती म्हणाली. "ज्यानं त्याला लावून दिलं, त्याचं हितं काय व्हतं जळायला?"

तेव्हापासून कुठल्याही गुन्ह्यात मी आधी हे पाहत आलो, की त्या जागेत गमावण्यासारखं कोणाचं काहीच नव्हतं. बहुतेक वेळा तोच माणूस मागे उभा असतो, आणि बहुतेक वेळा तोच हाती लागत नाही.

तर त्या भिंतीवरच्या इतिहासात दुरुस्ती हवी. तो माळ ओसाड नव्हता. तिथे बाजार भरत होता आणि तो जाळण्यात आला. तपासी अंमलदार मी होतो.