उतारावरची सीट

वाम्बेदे तापानं गेला तेव्हा त्याच्या बायकोला, नांदुडूला, मोटरसायकलच्या सीटचं कव्हर शिवता येत होतं. सीट करता येत नव्हती. म्बाले शहरातल्या त्या रस्त्यावर हा फरक सगळ्यांना ठाऊक होता. बारा वर्षं टपरीच्या तोंडाशी बसून नवरा पत्रा ठोकायचा, फोम कापायचा, घासायचा, आणि ती मागं मशीनवर रेक्झिन शिवायची. मोटरसायकलवाले यायचे ते वाम्बेदेकडं. तिच्याकडं कुणी बघितलं तर शिवण सरळ आली का एवढंच बघायचे.

दफनाला आलेले पाहुणे परतले, आणि तिसऱ्या आठवड्यात दोन पोरांच्या फीसाठी तिनं टपरी उघडली. बोडावाले, म्हणजे मोटरसायकलवर भाडं मारणारे, थांबत, आत डोकावत, "अरेरे, फार वाईट झालं," म्हणत आणि रस्ता ओलांडून समोर मफाबीकडं जात. मफाबी तिच्या नवऱ्याचा दोस्त. मनानं वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं.

"वहिनी, शाळेचे गणवेश शीव की! गणवेशाला खड्डे सोसावे लागत नाहीत," तो पलीकडून ओरडायचा.

"तुमचं तोंड शिवते आधी," ती म्हणायची, आणि आत जाऊन रिकाम्या मशीनसमोर बसायची.

महिनाभरानं वेताका आला. सगळे त्याला डॉक्टर म्हणत. डॉक्टर तो नव्हता; लस टोचणारा होता. लशींची बर्फाची पेटी मोटरसायकलच्या मागं बांधून मासाबाच्या डोंगरावरची गावं फिरायचा. पन्नाशी उलटलेला, काटक माणूस. त्याची सीट मधोमध खचून तिची पार परात झाली होती.

"डॉक्टर, ही सीट आहे की मेलेली शेळी?"

"शेळी असती तर कमी दुखलं असतं," वेताका म्हणाला. "करशील का?"

तिनं मफाबीच्या दुकानाकडं पाहिलं. मग म्हणाली, "करते."

उसवायला घेतलं तर एका कव्हराखाली दुसरं, दुसऱ्याखाली तिसरं. इतकी वर्षं प्रत्येकानं वरून नवं चढवलं होतं, आत कुणी पाहिलंच नव्हतं. तळाशी फोम भिजून भिजून लापशीसारखा झालेला, त्यात मुंग्यांनी घर केलेलं. पत्रा गंजून मागच्या बोल्टाशी बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. तिनं तो घासला, वेल्डिंगवाल्याकडून जुन्या पिंपाच्या पत्र्याचं ठिगळ मारून घेतलं, रंग दिला. भंगारातल्या एका बसच्या सीटमधला मऊ, जाडजूड फोम आणून चिकटवला. त्यावर काळं रेक्झिन, कडेनं लाल गोट. उन्हात तापवून ताणलं, एक सुरकुती राहिली नाही.

वेताकानं सीटवरून हात फिरवला. "बघत राहावी अशी झालीय," तो म्हणाला. तीन दिवस नांदुडू हवेत होती.

चौथ्या दिवशी तो पुन्हा दारात उभा. पाय जरा फाकवून चालत होता. तिनं स्टूल पुढं केलं तर म्हणाला, "नको, उभाच बरा आहे."

समोर मफाबीनं हातोडी खाली ठेवली.

"काय झालं?" नांदुडूनं विचारलं.

"उतारावर मी घसरून टाकीवर जातो. हातांवर सगळा भार येतो, मनगटं सुजलीत. चढावर पेटी मागं लोंबते. आणि तासाभरात फोम एवढा दबतो की खालचा पत्रा लागतो. दिसते छान. बसवत नाही."

तिचे कान तापले. "मग मफाबीकडं जायचं होतंत."

"जाता आलं असतं. मफाबीला माझं बूड वीस वर्षं ठाऊक आहे." वेताका हसला नाही. "पण मग तुला कोण सांगणार होतं?"

तिनं गल्ल्याकडं हात नेला. "काढून ठेवा. पैसे..."

"पैशांचं मी बोललो का? उद्या सकाळी मला वरच्या गावात जायचंय. तू मागं बस. पेटी मांडीवर घे."

दुसऱ्या दिवशी ती गेली. बायका बसतात तशी एका अंगाला पाय सोडून बसली, आणि पहिल्याच वळणावर सीटची कड मांडीत रुतली. ती कड तिनंच ताणून धारदार केली होती. चढावर नांदुडू मागं घसरत होती, खड्ड्यात फोम तळाला टेकत होता. बारा वर्षं सीटा शिवल्या, पण त्यांच्यावर बसून डोंगर कधी चढली नव्हती.

गावात आंब्याखाली आया पोरं घेऊन बसल्या होत्या. वेताका सुया भरायला लागला तशी नांदुडू उतारावर उभ्या केलेल्या मोटरसायकलवर पुढच्या जागी जाऊन बसली. डोळे मिटले. कुठं भार पडतो, कुठं घसरायला होतं, मांडीला काय लागतं, ते तपासत राहिली. पुढं सरकली, मागं सरकली, पुन्हा पुढं.

"डॉक्टर," एक म्हातारी ओरडली, "तुमच्या या बाईला पण एक टोचा! काहीतरी झालंय तिला!"

सगळ्या आया हसल्या. रडणारी दोन पोरंसुद्धा गप्प झाली. नांदुडू डोळे न उघडता म्हणाली, "आजी, माझी सुई मी घरून आणलीय." आणि किती तरी दिवसांनी तीही पोट धरून हसली.

परत आल्यावर तिनं सीट पुन्हा उसवली. मऊ फोम काढून नुसतीच बघत बसली असताना मफाबी रस्ता ओलांडून आला. काखेत कडक फोमची लादी, फोमचीच कातरणं दाबून बनवलेली.

"हा घाल खाली. वर तुझा मऊ, दोन बोटं, जास्त नाही." लादी खाली टेकवत म्हणाला, "वाम्बेदे माझ्याकडूनच न्यायचा. मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

"मला कुणी काही सांगितलंच नाही, भाऊजी."

"मग विचारत जा की! मी काय पलीकडच्या देशात बसतो?"

या वेळी तिनं पुढचा भाग उंच ठेवला, मधे बसायला खोलगट केला, मागं पेटीसाठी सपाट आणि टणक. कडा खरवडून गोल केल्या. वेताकाला चारदा बसवलं, चारदा उठवलं, दर वेळी थोडं घासलं. कव्हर घालण्याआधी प्लास्टिकचा कागद लावला, पाणी आत जाऊ नये म्हणून. सीट घेऊन तो गेला आणि आठवडाभर फिरकला नाही. ती रोज रस्त्याकडं बघायची.

दहाव्या दिवशी एक अनोळखी बोडावाला आला, सीट बगलेत मारून. "डॉक्टरनी पाठवलं. म्हणाले, नांदुडूला जाऊन सांग, कुठं दुखतं."

त्या महिन्यात तसे सात जण आले. प्रत्येक जण आधी दुखणं सांगायचा, मग सीट दाखवायचा. तीही विचारायची: कोणत्या रस्त्यानं जातोस? मागं कोण बसतं, बाया की कॉफीची पोती? दोन वर्षांत गर्दी एवढी वाढली की जास्तीचं काम ती मफाबीकडं पाठवायला लागली. तो कुरकुरत करायचा.

मध्ये नऊ वर्षं गेली आणि वेताका निवृत्त झाला. दवाखान्याच्या अंगणात मांडव होता. शेंगदाण्याच्या रशातले बांबूचे कोंब आणि वाफवलेली हिरवी केळी, आणि न संपणारी भाषणं. किती हजार पोरांना टोचलं, किती पूल वाहून गेले तरी कसा पोचला, हे सगळं सांगून झालं. मग नांदुडू उठली. तिला भाषणाची सवय नव्हती.

"काम आवडलं नाही की माणसं गप्प निघून जातात," ती म्हणाली. "आपल्याला वाटतं, आपलं नशीबच वाईट. आपण तीच चूक करत राहतो. हा माणूस दुखणारं अंग घेऊन माझ्या दारात परत आला. माझी दोन पोरं शिकली ती त्या एका दिवसामुळं. डॉक्टर, परत आलात, तुमचे उपकार आहेत." ती खाली बसली.

मग वेताकाची बायको काकाई उभी राहिली.

"तक्रारीचंच चाललंय तर माझीही ऐका. इतकी वर्षं माझ्या जागेवर ती पेटी बसली. बाजारात मी चालत, चर्चला मी चालत. आता पेटी गेली. पण सीटचा मागचा भाग आहे दगडासारखा!"

मांडव हसून हसून मोडायचा राहिला.

सोमवारी काकाई टपरीत हजर झाली. नांदुडूनं मागचा टणक फोम कापून काढला, नवा बसवला आणि तिला म्हणाली, "बसा, काकू. एका अंगाला बसणार की दोन्हीकडं पाय सोडून?"

"एका अंगाला. लोकांना मैलभर लांबून दिसली पाहिजे मी."

काकाई बसली, हलली, तोंड वाकडं केलं. नांदुडूनं फोम खरवडून दिला. पुन्हा बसवलं. दुपारपर्यंत तसंच चाललं. शेवटी काकाई न हलता, तोंड वाकडं न करता ऐसपैस बसली. वेताकानं किक मारली. तिनं त्याचा पट्टा घट्ट धरला, समोरच्या मफाबीला मान हलवून निरोप दिला, आणि दोघं डोंगराच्या रस्त्याला लागले.