काजळाचा मान

मी पदवीधर झालो तो सुमनआक्कामुळे, माझ्या थोरल्या बहिणीमुळे. माझ्या मुलीच्या बारशाला काजळ घालायचा मान आत्या म्हणून तिचाच.

माझे डोळे कोरडे पडतात, म्हणून नाशिकच्या दवाखान्यात पापण्या साफ करून घ्यायला जातो. काल शेजारच्या खुर्चीवर एक नवी सून होती. नर्सने गरम पट्टीने शेकून तिच्या पापण्यांच्या कडांत साचलेलं काजळ पुसून काढलं. तेवढ्यात सोबत आलेल्या सासूने पिशवीतून काजळाची डबी काढली.

"अहो, आत्ताच साफ केलंय! काजळानेच तर डोळे बिघडलेत तिचे!" नर्स ओरडली.

"मग भुंड्या डोळ्यांची सून नेऊ का गावात? लोक काय म्हणतील?"

"लोकांना माझं काजळ दिसतं, आई. मला लोकच दिसंना झालेत," सून म्हणाली. पण बोलता बोलताच तिने सवयीने हनुवटी वर केली आणि सासूने बोट फिरवलं. ही सवय तिला किती लहानपणी लावली असेल, या विचाराने माझं डोकंच फिरलं.

घरी येऊन पत्र लिहिलं:

"आक्का, बारशाला चार दिवस आधीच ये. नाव तूच ठेव, पाळणाही तूच म्हण. काजळाची डबी मात्र आणू नकोस. आणलीस तर सगळ्यांदेखत काढून घेईन. माझ्यासाठी एवढं केलंस, तरी हा मान तुला मिळणार नाही."