उडी मारून पाहिलेला अंबाडा

अंबाडा सुटला. त्यात घालायचा गोल स्पंज घरंगळत पलंगाखाली गेला आणि आरशासमोरून माझी नात ओरडली, "आजी, तू तेल लावलंस?"

लावलं होतं. सकाळी केस धुऊन ती भुरभुरीत डोक्याने बसली होती. असं कोणी मुलीला घराबाहेर पाठवतं? ती डोळे रंगवत होती, मी तिचे केस विंचरत होते. तळहातावर खोबरेल घेतलं आणि चोळलं. विचारलं नाही.

विमानातल्या नोकरीसाठी तिची मुलाखत होती. केसांचा अंबाडाच हवा, एक बट जरी सुटलेली दिसली तरी दारातूनच परत, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. आता तेलकट केसांवरून स्पंज सटकत होता. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

"संपलं सगळं," ती म्हणाली.

"रडू नको. काजळ उतरेल. बस खाली."

अंगाला लावायची पावडर तिच्या डोक्यावर ओतली.

"आजी, म्हातारी दिसतेय मी!"

"मग तुझ्या वयाची झाले मी. मान हलवू नको."

कंगव्याने पावडर झाडली. तेल बरंचसं उतरलं. स्पंज पलंगाखालीच राहू दिला. आम्ही गिरीज गावच्या बायका भाजीच्या टोपल्या डोक्यावर न्यायचो. टोपलीसाठी माथा मोकळा लागतो, म्हणून अंबाडा खाली मानेवर. केसांना पीळ देऊन वेटोळं घातलं. केसांचा आकडा आधी बाहेरच्या बाजूला धरून कडेचे केस पकडायचे, मग उलटा फिरवून आत दाबायचा. असे नऊ आकडे. माझे हात इतके भराभर चालले की मलाच हसू आलं.

"दुखतंय!"

"दुखलं म्हणजे बसला. आता ओट्यावरून उडी मार."

"साडीत?"

"मार!"

मारली. अंबाडा जागचा हलला नाही. मी टाळ्या पिटल्या, ती किंचाळत रिक्षात बसली.

दुपारभर मी फोन हातातून सोडला नाही. जेवलेही नाही. चारला तो वाजला.

"आजी, घेतलं मला! घेतलं! पण हे आकडे निघत नाहीयेत गं!"

मी ओरडले ते शेजारच्या वाडीपर्यंत गेलं असेल. तेल लावणं ही माझी चूक होती, ते मी तिला त्याच फोनवर सांगून टाकलं.