बागेतल्या समाजसुधारकांना शिंगं होती

सोलापुरातला एकही पुतळा मला अनोळखी नाही, असं मी म्हणालो की बायको गुपचूप स्वयंपाकघरात निघून जाते.

त्या रविवारी मात्र तिला निघून जायची सोय नव्हती. मोडनिंबहून तिचे मामा-मामी आले होते आणि मी सगळ्यांना रिक्षात कोंबून शहरातले पुतळे दाखवायला निघालो होतो. तीन चौक झाले, दोन बागा झाल्या. शिल्प दिसलं की मी माहिती सांगत सुटायचो. (पाटी वाचणं मला कमीपणाचं वाटतं!) मध्येच नवी पेठेत मामींनी लेकीसाठी सोलापुरी चादर घेतली आणि आम्ही तिसऱ्या बागेत शिरलो.

तिथं चौथऱ्यावर काहीतरी भलंमोठं पांढऱ्या कापडानं झाकलेलं होतं. समोर मांडव, रिकाम्या खुर्च्या.

"ह्यो पुतळा कुनाचा वो, जावईबापू?" मामांनी विचारलं.

मला काय माहीत! पण "माहीत नाही" हे शब्द माझ्या तोंडातून निघतच नाहीत.

"थोर समाजसुधारक!"

"आन् वर ती दोन टोकं कसली?"

"हात उंचावून भाषण करतायत."

"मग मागं येवढं लांबडं काय हाय?"

"घोडा! घोड्यावरूनच भाषणं करायचे ते."

मामांनी चपला काढून हात जोडले. मामींनी डोक्यावर पदर घेतला. "त्वांड तरी बघू द्या की!"

मी ऐटीत कापडाचं टोक ओढलं. ते अडकलं. आणखी ओढलं. टर्रकन फाटून सगळं कापड खाली आलं, आणि लांबलचक शिंगांची पंढरपुरी म्हैस आमच्याकडं बघू लागली!

मामांचे हात अजून जोडलेलेच. "जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "हिला आमी वळखतो."

तेवढ्यात शिट्टी फुंकत वॉचमन धावत आला. "ओ काका! पाहुणे फाटकात आल्यात, आन् उद्घाटन तुमीच केलं व्हय?"

मी फाटकं कापड पाठीमागं लपवलं. बायको मात्र पुढं झाली. "मामी, चादर द्या इकडं!"

चादर म्हशीवर चढवली, अनावरणाची दोरी तिला बांधली. पण गुळगुळीत पाठीवरून ती सारखी घसरायची. "खालनं कुणीतरी धराय पायजे," वॉचमन म्हणाला. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मुकाट्यानं म्हशीच्या पोटाशी उकिडवा बसलो, दोन्ही मुठींत चादरीची टोकं गच्च धरून. अनावरण झालं की मागच्या मागं पळायचं, असं ठरलं.

पाहुणे आले. भाषणं झाली. एक नाही, पाच! पायांना मुंग्या आल्या, मग पाय आहेत की नाहीत तेच कळेना. शेवटी दोरी ओढली गेली, चादर उडाली, टाळ्या पडल्या, आणि मला उठताच येईना! म्हशीच्या आचळाशी मुठी वळून मी तसाच बसून राहिलो. श्वाससुद्धा रोखला.

प्रमुख पाहुणे वयस्कर होते आणि चष्मा गाडीत विसरले होते. त्यांनी आम्हा दोघांना बराच वेळ न्याहाळलं आणि माइक हातात घेतला.

"म्हैस लई झ्याक जमली हाय! फकस्त गवळ्याच्या तोंडावर कलाकारानं जरा तरी अक्कल दाखवायला पायजे हुती."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात आधी माझी बायको उभी राहिली.