टिटवीचा तुकडा

आज आचऱ्याच्या सड्यावर, गावावरच्या कातळी माळावर, गवत जाळलं. धुराचा वास अंगणात आला आणि लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आठवला.

पावसात हिरव्या, थंडीत पिवळ्या होणाऱ्या त्या सड्यावर मी वर्षभर पाखरं बघत हिंडले होते. चैत्रात टिटवीची चार अंडी दिसली, खड्यांत खड्यांसारखीच पडलेली. घरी बोलले नाही. सासूबाई म्हणायच्या, "टिटवी वरडली की घरात वायट घडता." अंडी कुणी फोडून टाकेल, ही भीती.

चार दिवसांनी, वणवा काजूच्या बागेत शिरू नये म्हणून सासऱ्यांनी कडेचं गवत पेटवलं. मी त्यांची पेज घेऊन पोचले तेव्हा टिटवी धुरावर घिरट्या घालत किंचाळत होती. मी धावले. गरम राखेत अंडी तडकून पडली होती.

सासरे वाकून बघत राहिले. "माका आधी कित्या नाय सांगलंस गो? तेवढो तुकडो सोडलो असतो."

तेव्हा मला त्यांचाच राग आला. स्वतःच्या गप्प बसण्याचा राग यायला पुष्कळ वर्षं गेली.

ते मरेपर्यंत तेवढा तुकडा सोडूनच गवत जाळायचे. आता मी सोडायला लावते. आजही सोडला. टिटवी त्यानंतर कधी आलीच नाही.