दाराच्या पलीकडचा बालाजी घाट

ज्या कामातलं कुणालाच काही कळत नाही, त्या कामाचे किस्से फार साठतात. आमचा गेम बनवण्याचा उद्योग त्यातलाच. मुकुंद, पंकज आणि मी आजही भेटलो की पहिला चहा येईस्तोवर त्या गेमवर येतो आणि दुसऱ्या चहाला भांडणावर.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मुकुंदच्या काकांचा बनारसमध्ये, दूधविनायक मोहल्ल्यात, टायपिंगचा क्लास होता. तिथल्या खडखडाटात, कोपऱ्यात, एक कॉम्प्युटर आला आणि त्यावर कुणीतरी फ्लॉपीतून एक गेम टाकला. एक शिपाई किल्ल्यात शिरतो, कोंडलेली माणसं सोडवतो. पहिला भाग फुकट. पुढचा हवा असेल तर अमेरिकेला डॉलर पाठवायचे. पहिला भाग संपतो तेव्हा शिपाई एका बंद दारापाशी उभा असतो. आम्ही तिघं कॉलेजात. डॉलर कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

मुकुंद म्हणाला, "दाराच्या पलीकडचं आपणच बनवू. दार उघडलं की बालाजी घाट."

आम्हाला ते अगदी सहज शक्य वाटलं.

मुकुंदचे वडील, आप्पा, घाटावर यजमानांची श्राद्धं, पूजा करायचे. घरात एकच मुलगा, त्याने पुढे तेच करावं अशी त्यांची इच्छा. गेमचं कळल्यावर ते ओरडले वगैरे नाहीत. म्हणाले, "गणपतीत सगळ्यांसमोर काय ते दाखव. नाही जमलं तर मग माझ्याबरोबर घाटावर बसायचं." मुकुंदने मान डोलावली. त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना.

*

कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर सीडी आली होती. त्यात लिहिलं होतं, गेम बनवायचा तर आधी इंजिन निवडा. म्हणजे गेमच्या आतली यंत्रणा, जिच्यावर आपण आपली चित्रं आणि माणसं चढवायची. हे आत्ता मला एका वाक्यात सांगता येतं. तेव्हा नाही.

माझे बाबा रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात हिशेबखात्यात होते. मी घरी म्हटलं, "बाबा, आम्हाला इंजिन निवडायचंय, समजत नाहीये." बाबांनी दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या मिश्राजींना घरी आणलं. मिश्राजी आणि मुकुंद तासभर बोलले. ताकद, वजन, चढण, सगळं निघालं. दोघंही खूश दिसले.

ते गेल्यावर मी विचारलं, "त्यांना कळलं का आपण काय करतोय?"

"मला वाटतं कळलं," मुकुंद म्हणाला. "फक्त ते रुळांची रुंदी का विचारत होते, ते नाही समजलं."

पुढे मिश्राजी रस्त्यात भेटले की विचारायचे, "बिटिया, गाड़ी चली?" मी म्हणायची, "चाचाजी, अभी यार्ड में है।"

*

सीडीवर इंजिनं दोन होती. एकात शिपाई दिसतच नसे, नुसते त्याचे हात. आपणच गल्लीतून चाललोय असं वाटायचं. ते पंकजला हवं होतं. दुसऱ्यात शिपाई आख्खा दिसायचा, बाजूने, डोक्यापासून पायापर्यंत. ते मुकुंदला.

पंकज अहिल्याबाई घाटाजवळ राहायचा, आमच्याकडे येऊन येऊन मराठी समजायला लागला होता, पण भांडायचा हिंदीतच. "गुरू, गली का मज़ा तो अंदर से है। बगल से गली कौन देखता है?"

मुकुंद म्हणायचा, "अरे, पण चेहरा दिसला पाहिजे ना! नाहीतर लोकांना काय मालूम की कोण चाललाय?"

मला दोघांचंही पटायचं. म्हणून दोघंही माझ्यावर परेशान.

एकदा काकांनी जागा मोकळी करायला कॉम्प्युटरवरचं काहीतरी पुसलं. काय पुसलं ते त्यांना आठवेना. मुकुंदला वाटलं पंकजनेच सांगून आपलं इंजिन पुसवलं. पंकजला वाटलं मुकुंद काकांचा पुतण्या, म्हणजे आपलंच गेलं. दोघं एकमेकांशी बोलेनात. निरोप माझ्यामार्फत. शेवटी वैतागून मी स्वतः कॉम्प्युटर लावून बघितला. दोन्ही इंजिनं जागेवर. काकांनी क्लासच्या वार्षिक परीक्षेचा पेपर पुसला होता.

*

मग सांडाचा प्रश्न आला. मूळ गेममध्ये शत्रू बंदूकवाले. आमच्या गल्लीत बंदूकवाले कुठून आणायचे? पंकज म्हणाला, गल्ली अडवणारा बनारसमध्ये एकच, मोकाट सांड. आम्ही सांड काढला, चांगला जमला. पण शिपायाने बटण दाबलं की सांड मरायचा.

मुकुंद हादरला. "आप्पांसमोर सांड मारू?"

आम्ही दोन्ही इंजिनांत शोध शोध शोधलं. शत्रू मरतो, नाहीतर मारतो. शिंगं हलवून आपल्या मर्जीने बाजूला होतो, असं कुठेच नव्हतं. शेवटी पंकजच्या इंजिनात शत्रूचा जीव मोजणारा आकडाच काढून टाकला, म्हणजे तो मरणारच नाही. तर सांड चालायला लागला आणि सरळ भिंतीतून कुणाच्या तरी घरात शिरला.

पंकज शांतपणे म्हणाला, "ये तो असली है।"

*

एवढं भांडून निवड कॉम्प्युटरनेच केली. अख्खी गल्ली चढवल्यावर पंकजचं इंजिन त्या मशीनला झेपेना. एक पाऊल टाकलं की पडदा थिजायचा. मुकुंदचं धावलं, सांडाशिवाय. पंकज तोंड पाडून बसला, पण मग त्यानेच घाटाचं चित्र रंगवायला घेतलं. रंग मोजकेच मिळायचे. पायऱ्या, छत्र्या, देऊळ यांत सगळे संपले आणि गंगेला उरला एक मातकट.

मुकुंदची आई काकांना डबा द्यायला आली. पडद्याकडे बघून म्हणाली, "हे काय सांडलंय?"

"गंगा आहे, आई."

"बाप रे, बाढ़ आलीय का?"

मुकुंदने तिथेच जाहीर केलं की आपली गोष्ट श्रावणात, पुराच्या दिवसांत घडते.

*

गणपतीत आरती झाल्यावर कॉम्प्युटर मांडवात आणला. दार मुकुंदने पंकजला उघडायला लावलं. पलीकडे बालाजी घाट. लोक हसले, टाळ्या वाजल्या. पोरांनी शिपायाला पायऱ्यांवरून वर-खाली पळवलं. दोनदा गेम बंद पडला, दोनदा चालू केला. आप्पा मागे खुर्चीवर बसून बघत होते. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

गर्दी ओसरल्यावर ते उठून पुढे आले. मुकुंदने खुर्ची दिली, कुठली बटणं ते दाखवलं. आप्पांनी एका बोटाने शिपायाला हळूहळू खाली आणलं. एकेक पायरी. शेवटच्या पायरीवर, पाण्याच्या कडेला आणून थांबवलं आणि हात मांडीवर ठेवले.

आम्ही वाट बघत होतो. शिपाई उभा. आप्पा बसलेले.

मुकुंद घाबरत म्हणाला, "आप्पा, पुढे जाता येतं. हे बटण."

"जाऊ दे की. आधी त्याला बूट काढू दे."

मुकुंदने पंकजकडे बघितलं. पंकजने माझ्याकडे.

"ते इंजिनात नाहीये, आप्पा," मुकुंद म्हणाला.

आप्पांनी खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली.

"मग बसव त्यात. मी आहे इथे."